ॲलन ह्यूम आणि आपला रानपिंगळा



ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकाच ओळीत येतं. १८८५, मुंबई, राष्ट्रीय सभेची स्थापना, निवृत्त इंग्रज अधिकारी. मुलं ती ओळ पाठ करतात, परीक्षेत एक गुण मिळवतात आणि विसरून जातात. आज आपण याच माणसाचं संपूर्ण चरित्र थोडक्यात पाहणार आहोत. हा माणूस आयुष्यातली पंचवीस-तीस वर्षं पक्ष्यांच्या मागे होता, आणि त्याच्या हातून नोंदला गेलेला एक पक्षी आज आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात राहतो. त्या पक्ष्याचं नाव रानपिंगळा.

रानपिंगळा दिसायला आपल्या गावातल्या पिंगळ्यासारखाच आहे. इतका सारखा, की एकशे तेरा वर्षं जगाला तो हरवल्यासारखा वाटला. तेव्हा हा लेख चरित्राचा आहे आणि सारखे दिसणारे पक्षी वेगळे कसे ओळखायचे याचाही आहे. परिसर अभ्यास, विज्ञान आणि इतिहास या तिन्ही तासांना तो वापरता येईल.

बालपण आणि शिक्षण

ह्यूम यांचा जन्म १८२९ सालचा. वडील जोसेफ ह्यूम हे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद होते आणि सरकारी उधळपट्टीवर कडक बोलणारे सुधारक म्हणून त्यांचा लौकिक होता. घरात सतत राजकारणाच्या चर्चा. मुलगा हेलीबरीच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात शिकला. त्यानंतर लंडनमध्ये त्याने वैद्यक आणि शस्त्रक्रियेचंही शिक्षण घेतलं. १८४९ साली, म्हणजे विशीत असताना, तो बंगालच्या मुलकी सेवेत दाखल होऊन हिंदुस्थानात आला.

वैद्यकाचं ते शिक्षण पुढे वेगळ्याच कामी आलं असं म्हणता येईल. शरीर बारकाईने पाहणं, मोजणं आणि पाहिलेलं लगेच लिहून ठेवणं ही सवय डॉक्टरकीत लागते. पक्ष्यांच्या अभ्यासातही नेमकी तीच सवय लागते.

इटाव्याच्या शाळा

त्यांची नेमणूक आजच्या उत्तर प्रदेशातल्या इटावा जिल्ह्यात झाली. शिक्षकांनी हा भाग मुद्दाम वाचावा. ह्यूम यांनी तिथे लोकांच्या मदतीने मोफत प्राथमिक शाळा सुरू केल्या. १८५७ पर्यंत अशा १८१ शाळा उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांत ५,१८६ विद्यार्थी शिकत होते. त्यांत मुली किती? फक्त दोन. तरी त्या काळात त्या दोन मुलींची नोंद झाली हेही थोडं नाही.

मग १८५७ चा उठाव झाला. ह्यूम यांना इटावा सोडून आग्र्याच्या किल्ल्यात आसरा घ्यावा लागला. ते परत आले आणि इंग्रजांच्या बाजूने लढलेही. हे लपवायचं कारण नाही. ते परक्या सत्तेचे अधिकारी होते. पण उठाव मोडल्यावर, सूड घ्यायचाच असा सूर सगळीकडे असताना, या जिल्ह्यात त्यांनी त्या मानाने सौम्य धोरण ठेवलं आणि पुन्हा शाळांच्या कामाला लागले. बालगुन्हेगारांना मोठ्या कैद्यांबरोबर तुरुंगात टाकू नये, त्यांच्यासाठी सुधारगृह असावं, यासाठीही त्यांनी प्रयत्न केले. लोकांसाठी लोकमित्र नावाचं वर्तमानपत्र काढायला मदत केली.

मिठाचं कुंपण आणि पक्ष्यांचा नाद

१८६७ साली त्यांची बदली जकात खात्यात झाली. त्या काळी मिठावर जबर कर होता आणि चोरटं मीठ अडवण्यासाठी इंग्रज सरकारने देशाच्या पोटातून एक भलीमोठी जकात रेषा आखली होती. सिंधू नदीच्या बाजूपासून थेट महानदीच्या बाजूपर्यंत. तिच्या बऱ्याच भागावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचं जिवंत कुंपण वाढवलेलं होतं. हजारो माणसं तिथे पहाऱ्याला होती. हे कुंपण पद्धतशीर वाढवण्याचं काम ह्यूम यांच्याकडे आलं.

गरिबाच्या मिठावर पहारा ठेवण्याची ही नोकरी. तिचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण या नोकरीमुळे शेकडो मैलांची फिरती झाली आणि फिरतीत पक्षी दिसले. पक्ष्यांचा नाद त्यांना आधीपासूनच होता. उठावाच्या धामधुमीत त्यांचा पहिला संग्रह नष्ट झाला होता. आता त्यांनी नव्याने सुरुवात केली.

१८७१ साली लॉर्ड मेयो यांनी महसूल, शेती आणि व्यापार असं नवं खातं काढलं आणि ह्यूम त्याचे सचिव झाले. ते सिमल्याला राहू लागले. जाखू टेकडीवरच्या रॉथनी कॅसल नावाच्या त्यांच्या घरात हळूहळू एक संग्रहालयच उभं राहिलं. कपाटांच्या रांगा आणि कपाटांत पक्षी. हे पक्षी अर्थातच मेलेले. कातडं अलगद सोडवून, आत कापूस भरून, सुकवून ठेवलेले. तेव्हा दुर्बिणी साध्या होत्या आणि कॅमेरा रानात नेण्याजोगा नव्हता. पक्षी ओळखायचा तर तो मारून हातात घ्यायचा, हीच त्या काळची रीत होती. मुलांना हे सांगताना तेव्हाची रीत आणि आजची रीत असा फरक जरूर सांगा. पुढे उतारवयाकडे झुकल्यावर ह्यूम यांनी स्वतःच शिकार सोडली आणि ते शाकाहारी झाले.

चिठ्ठीचं महत्त्व

ह्यूम एकटे सगळा देश फिरू शकत नव्हते. म्हणून त्यांनी माणसं जोडली. वन खातं, सैन्य, जकात, रेल्वे, चहाचे मळे अशा ठिकाणी काम करणारे, पण पक्ष्यांची आवड असलेले अनेक लोक त्यांना पक्षी आणि पत्रं पाठवत. त्यांच्यासाठी ह्यूम यांनी १८७२ मध्ये स्ट्रे फेदर्स हे नियतकालिक सुरू केलं. नावाचा अर्थ, इकडेतिकडे पडलेली पिसं. अगदी योग्य नाव, कारण त्यात ठिकठिकाणच्या सुट्या सुट्या नोंदीच एकत्र येत होत्या.

१८७४ साली त्यांनी पक्षी गोळा करणाऱ्यांसाठी एक छोटं मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. त्यातला भर कशावर? मोजमाप घ्या, डोळ्यांचा आणि पायांचा रंग पक्षी ताजा असतानाच लिहा, आणि कुठे व कधी मिळाला ते चिठ्ठीवर लिहून ती पक्ष्याला बांधा. चिठ्ठी नसलेला पक्षी म्हणजे नाव नसलेली उत्तरपत्रिका. कितीही सुंदर अक्षर असलं तरी गुण कोणाला द्यायचे?

ही चिठ्ठीची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे सगळी कथा तिच्याभोवतीच फिरते.

१८७३ : एक नवा पिंगळा

डिसेंबर १८७२ मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याला एक छोटं घुबड मिळालं. ते ह्यूम यांच्याकडे गेलं. दिसायला अगदी आपला नेहमीचा पिंगळा. दुसऱ्या कुणी ते पिंगळ्यांच्या कपाटात टाकून दिलं असतं आणि विषय संपला असता.

ह्यूम यांनी तसं केलं नाही. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीतच. छातीचा वरचा भाग गडद. पंख आणि शेपटीवरचे पट्टे ठळक. हा वेगळा पक्षी आहे असं त्यांचं मत झालं. १८७३ साली त्यांनी स्ट्रे फेदर्समध्ये त्याचं वर्णन छापलं आणि नाव दिलं हेटेरोग्लॉक्स ब्लेविटी. पहिल्या शब्दाचा अर्थ वेगळं घुबड, दुसरा शब्द ब्लेविट यांच्या सन्मानार्थ.

त्यानंतर १८७७ मध्ये भूगर्भशास्त्रज्ञ व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियार भागात आणखी एक मिळाला. आणि १८८० नंतरच्या काही वर्षांत मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांना आपल्या खानदेशात, शहादा-तळोद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी बरेच मिळाले. शेवटची खरी नोंद १८८४ ची. सगळ्या जगातल्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे नमुने सातच. बस्स.

दोघांत फरक कसा ओळखायचा?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मुलांना फळ्यावर दोन चित्रं काढून हे सांगता येईल.

डोकं : गावातल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, जणू कुणी रांगोळीची चिमूट उधळली. रानपिंगळ्याचं डोकं साधं, राखट तपकिरी. ठिपके असले तरी थोडे आणि पुसट.

पाठ : पिंगळ्याची पाठ ठिपक्यांनी भरलेली. रानपिंगळ्याची पाठ बरीचशी कोरी.

मान : पिंगळ्याच्या मानेमागे पांढरट पट्टी दिसते. रानपिंगळ्यात ती तशी ठळक नसते.

छाती आणि पोट : पिंगळ्याच्या छाती-पोटावर तपकिरी खुणा विखुरलेल्या. रानपिंगळ्याची वरची छाती जवळजवळ सलग तपकिरी, दोन्ही कुशींवर आडवे पट्टे, आणि मध्ये खाली पोटाकडे स्वच्छ पांढरा भाग. नरात तो जास्त स्वच्छ दिसतो.

पंख आणि शेपटी : रानपिंगळ्याचे पट्टे रुंद आणि ठसठशीत, गडद आणि पांढरे.

बांधा : रानपिंगळा साधारण २३ सेंटिमीटर, पिंगळा साधारण २१. दोन सेंटिमीटरचा फरक रानात कळत नाही. पण रानपिंगळ्याचं डोकं आणि चोच मोठी, अंग ठेंगणं-दणकट, आणि पाय पांढऱ्या पिसांनी चांगले झाकलेले.

सवय : पिंगळा गावाचा. जुन्या आंब्याच्या, वडाच्या ढोलीत, पडक्या भिंतीच्या भोकात राहतो. दिवे लागणीला बाहेर पडतो आणि कलकलाट करतो. रानपिंगळा सागाच्या कोरड्या, उघड्या रानातला. तो दिवसासुद्धा बाहेर असतो. हिवाळ्यात सकाळी उंच निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसतो आणि शेपटी इकडून तिकडे झटकतो. सरडे, उंदीर, किडे हे त्याचं खाणं.

यात एक सावधगिरी. एका खुणेवर कधीही निकाल देऊ नका. पिल्लांच्या डोक्यावरचे ठिपके पुसट असू शकतात, पिसं झडताना रंग बदललेला दिसतो, सावलीत पट्टे हरवतात. म्हणून तीन-चार खुणा जुळल्या तरच नाव लिहायचं. दिवसा दिसलेलं प्रत्येक छोटं घुबड रानपिंगळा नसतं, कारण आपला पिंगळाही कधीकधी दिवसा ढोलीच्या तोंडाशी बसलेला दिसतोच.

रद्दीत गेलेलं पुस्तक

ह्यूम यांच्या मनात हिंदुस्थानातल्या सगळ्या पक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. वर्षानुवर्षांच्या टिपणांचे गठ्ठे सिमल्याच्या घरात होते. सरकारच्या धोरणांवर स्पष्ट बोलण्याची सवय मात्र त्यांना भोवली. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून खाली उतरवून अलाहाबादला पाठवलं गेलं. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. आता पुस्तकाला वेळच वेळ होता.

पण १८८४-८५ च्या सुमारास, हिवाळा खाली मैदानात काढून ते सिमल्याला परतले तेव्हा टिपणं जागेवर नव्हती. घरातल्या एका नोकराने ती बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली होती. मणांनी कागद. वाण्याच्या पुड्या बांधण्यात किती वर्षांची मेहनत गेली असेल, कल्पना करा.

तो ग्रंथ पुन्हा कधी लिहिला गेला नाही. ह्यूम यांचं मन पक्ष्यांवरून उडालं. त्यांनी आपला सगळा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकायचं ठरवलं, तोही विनामोबदला. म्युझियमचे पक्षीतज्ज्ञ रिचर्ड बाउडलर शार्प १८८५ मध्ये त्यासाठी सिमल्याला आले. देवदार लाकडाच्या ४७ मोठ्या पेट्या तयार केल्या गेल्या. एकेक पेटी सुमारे अर्ध्या टनाची. बैलगाड्यांतून त्या कालक्याला उतरल्या आणि पुढे मुंबई बंदराला गेल्या. सुमारे ८२,००० नमुने होते. त्याआधी किडीने खाल्लेले हजारो नमुने ह्यूम यांना टाकून द्यावे लागले होते.

कागद गेले, पण पक्ष्यांच्या पायांना बांधलेल्या चिठ्ठ्या राहिल्या.

राष्ट्रीय सभा आणि आपली अमरावती

त्याच १८८५ सालच्या २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचं पहिलं अधिवेशन भरलं. ते मुळात पुण्याला भरायचं होतं, पण तिथे पटकीची साथ आली म्हणून जागा बदलली. ७२ प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी, आणि धावपळ करणारे सरचिटणीस ह्यूम. देशभरातल्या सुशिक्षितांना पत्रं पाठवणं, त्यांना जोडणं, त्यांच्याकडून माहिती मागवणं हे काम त्यांना नवं नव्हतं. पक्ष्यांच्या बाबतीत त्यांनी दहा-बारा वर्षं तेच केलं होतं.

पुढे बारा वर्षांनी, डिसेंबर १८९७ मध्ये, राष्ट्रीय सभेचं तेरावं अधिवेशन आपल्या अमरावतीला भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, आणि स्वागताची धुरा अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांच्याकडे. ह्यूम त्या आधीच, १८९४ मध्ये, इंग्लंडला परत गेले होते. जिथे त्यांनी सुरू केलेली सभा भरली, त्या अमरावतीपासून उत्तरेला मेळघाटाचे डोंगर फार दूर नाहीत. तिथे त्यांनी नाव दिलेला पक्षी राहतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

इंग्लंडमध्ये शेवटच्या काळात ह्यूम वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९१० साली त्यांनी लंडनमध्ये साउथ लंडन बोटॅनिकल इन्स्टिट्यूट स्थापन केली. सामान्य माणसालाही वनस्पती शिकता याव्यात हा तिचा हेतू. ३१ जुलै १९१२ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचं निधन झालं.

खोट्या चिठ्ठीने केलेला घात

ह्यूम गेले. रानपिंगळ्याची कथा मात्र पुढे चालू राहिली.

१८८४ नंतर तो कोणालाच दिसेना. विसाव्या शतकात सलीम अली आणि अमेरिकन पक्षीतज्ज्ञ डिलन रिप्ली यांच्यासारख्या मातब्बरांनीही शोध घेतला, पण व्यर्थ. कधी रानपिंगळ्याचे म्हणून फोटो पुढे आले, ते नीट तपासल्यावर आपल्या साध्या पिंगळ्याचे निघाले. पक्षी नामशेष झाला असावा असं वाटू लागलं.

शोध फसण्याचं एक कारण होतं खोटी चिठ्ठी. रिचर्ड मायनरझॅगन नावाच्या एका नामवंत इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, गुजरातमधली मांडवी, १९१४. म्हणजे १८८४ नंतरची एकमेव नोंद. साहजिकच त्या नोंदीवर लोकांनी विश्वास ठेवला. नव्वदच्या दशकात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. आतला कापूस बदलून तो पुन्हा शिवलेला होता, पण मूळ कारागिरीच्या खुणा शिल्लक होत्या. ती कारागिरी खानदेशातल्या डेव्हिडसन यांची होती. म्युझियममधून डेव्हिडसनचा पक्षी उचलून, नवं रूप देऊन, त्यावर खोटं ठिकाण आणि खोटी तारीख चिकटवली गेली होती.

खोटी चिठ्ठी बाजूला केल्यावर खऱ्या चिठ्ठ्या उरल्या. ब्लेविटची, बॉलची, डेव्हिडसनची. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं त्या चिठ्ठ्यांवरची ठिकाणं शोधत भारतात आले. आधी पूर्वेकडची जुनी ठिकाणं पाहिली. काही मिळालं नाही. मग ते शहाद्याला आले. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी एका निष्पर्ण झाडावर एक छोटं घुबड ऊन खात बसलेलं दिसलं. डोक्यावर ठिपके नव्हते. छाती गडद, पोट पांढरं, पायांवर पांढरी पिसं. एकशे तेरा वर्षांनी रानपिंगळा परत सापडला.

एका माणसाने चिठ्ठी प्रामाणिकपणे लिहिली म्हणून पक्षी सापडला, आणि दुसऱ्याने ती खोटी लिहिली म्हणून त्याचा शोध भलत्याच ठिकाणी घेतला गेला. वर्गात प्रयोगवही कॉपी करणाऱ्या मुलाला याहून चांगलं उदाहरण कोणतं द्यायचं?

मेळघाटातला रानपिंगळा

यानंतरच्या सर्वेक्षणांत हा पक्षी सातपुड्यात इतरही ठिकाणी आढळला, आणि त्यांतलं एक महत्त्वाचं ठिकाण म्हणजे आपला मेळघाट. पुढे ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यातही तो मिळाला. हा पक्षी फक्त मध्य भारतातच आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. आधी तो अतिसंकटग्रस्त मानला जात होता. नवी ठिकाणं सापडल्यावर, २०१८ मध्ये, त्याला संकटग्रस्त या गटात ठेवलं गेलं. नवीन जनुकीय अभ्यासानंतर त्याला साध्या पिंगळ्याच्याच कुळात, अथीनी या प्रजातीत धरलं जातं. म्हणजे ह्यूम यांनी दिलेलं पहिलं नाव मागे पडलं, पण हा पक्षी वेगळा आहे हे त्यांचं म्हणणं टिकलं.

धोका मात्र संपलेला नाही. ढोल्यांची जुनी झाडं तुटली की घरटं गेलं. सागाचं रान कमी झालं की शिकारीची जागा गेली. आणि घुबड अपशकुनी ही आपल्या घरातली समजूत. घुबड दिसलं की दगड मारायचा, जादूटोण्यासाठी त्याला पकडायचं, हे अजूनही ऐकू येतं. दगड मारणाऱ्याला तो गावचा पिंगळा आहे की रानपिंगळा हे कुठे माहीत असतं? ज्याला फरक कळतो, त्याचा हात निदान एकदा तरी थांबेल. आणि हात थांबला की गावच्या पिंगळ्याचाही जीव वाचतो. शेतातले उंदीर खाणारा तोही आपल्या उपयोगाचाच.

वर्गात काय घेता येईल?

रानपिंगळा बघायला सगळ्या शाळांना मेळघाटात जाता येणार नाही. सरावासाठी सुतार पक्षी फार चांगले. अमरावतीजवळचं पोहऱ्याचं रान, अकोल्याजवळचं काटेपूर्णा, अकोटकडचा नरनाळा, नाहीतर शाळेमागची आमराई, कुठेही सुतार दिसू शकतो.

सोनपाठी सुतार आणि पांढऱ्या मानेचा सुतार ही जोडी घ्या. दोघांची पाठ सोनेरी, दोघांच्या डोक्यावर तुरा, दोघांची कंबर काळी. मग फरक कुठे? मानेच्या मागे. सोनपाठीची मान मागून काळी. दुसऱ्याची मान आणि पाठीचा वरचा भाग पांढरा, जणू खांद्यांमध्ये पांढरा रुमाल टाकलाय. गळाही पाहा. सोनपाठीचा गळा काळा, त्यावर पांढरे ठिपके. दुसऱ्याचा गळा पांढरा, त्यावर बारीक काळ्या रेघा.

इथे एक फसगत होते. डोक्याचा रंग बघून मुलं लगेच वेगळी जात सांगतात. पण सोनपाठीच्या नराचं डोकं पूर्ण लाल असतं, मादीचं पुढून काळं, त्यावर पांढरे ठिपके. पांढऱ्या मानेच्या मादीचा तुरा पिवळा असतो. म्हणजे डोक्याचा रंग इथे नर-मादी सांगतो, जात सांगत नाही. जात मान आणि गळा सांगतात. कोणती खूण कशासाठी बघायची हे कळणं, हाच खरा अभ्यास.

दुसरी जोडी मराठा सुतार आणि छोटा तपकिरी डोक्याचा सुतार. दोघंही काळपट-पांढरे. मराठा सुतार मोठा, डोकं पिवळसर, नराच्या डोक्याला मागे लाल, पोटावर छोटा लाल डाग. दुसरा चिमणीएवढा, डोकं तपकिरी, पोटावर लाल नाही. मराठा सुताराच्या शास्त्रीय नावातही मराठ्यांचं नाव आहे, हे सांगितलं की मुलं खूश होतात.

प्रत्येक मुलाला एक छोटी वही द्या. दिसलेल्या पक्ष्यासाठी एक चिठ्ठी : तारीख, वेळ, ठिकाण, झाड कोणतं, पक्षी काय करत होता, आणि पाहिलेल्या तीन खुणा. नाव सर्वात शेवटी. नाव माहीत नसेल तर जागा कोरी ठेवायची, शेजारच्या वहीत बघून भरायची नाही. कोऱ्या जागेचे गुण कापू नका. चुकीचं नाव ठोकून देण्यापेक्षा कोरी जागा बरी, हे मुलांना आपल्या वागण्यातून कळलं पाहिजे.

पालकांनी घरी एवढं करावं. संध्याकाळी पिंगळ्याचा आवाज आला की मुलाला आत ओढू नका. टॉर्च घेऊन अंगणात जा, पण उजेड थेट पक्ष्याच्या डोळ्यांवर टाकू नका आणि ढोलीजवळ जाऊ नका. डोक्यावर ठिपके आहेत का, मानेमागे पांढरी पट्टी आहे का, एवढं मुलाला बघू द्या. मग आत येऊन त्याला ते लिहायला सांगा.

स्वाध्याय

१. पिंगळा आणि रानपिंगळा यांतील चार फरक लिहा.
२. फक्त एका खुणेवरून पक्षी ओळखू नये, असे का?
३. खोट्या चिठ्ठीमुळे रानपिंगळ्याच्या शोधावर काय परिणाम झाला?
४. ह्यूम यांच्या आयुष्यातील तुम्हाला पटलेली एक गोष्ट आणि न पटलेली एक गोष्ट लिहा.

चौथ्या प्रश्नाचं तयार उत्तर देऊ नका. इटाव्याच्या शाळा आणि मिठाचं कुंपण, दोन्ही एकाच माणसाने केलं. मुलांना त्यावर आपसात बोलू द्या.